छापील बांध

भागीरथीने पत्रक कपाळाला लावून देव्हाऱ्यात पोथीखाली सरकवलं, तेव्हा सासूने विचारलं, "ह्यो कंचा देव?"

"देव नाय, निवडनुकीचा मानूस. पन छापलेला हाय."

कोपरच्या खाडीकाठी तोवर छापलेलं म्हणजे पोथी नाहीतर पंचांग, आणि दोन्हींशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. पत्रकावर दगडी बांधाचा फोटो, खाली मजकूर, 'तुमचा बांध बांधून दिला.' गावच्या मातीच्या बांधाला तर बैलगाडी जाईल एवढी खांड पडलेली, आणि त्यातून खारं पाणी भागीरथीच्या शेतात शिरत होतं. येत्या अमावास्येच्या उधाणाआधी ती बुजली नाही, तर पुढच्या सालचं भातही गेलं. हे रोज दिसत असून बाई दोन दिवस आपल्याच डोळ्यांवर संशय घेत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवळातल्या साक्षरता वर्गात तिने पत्रक दाजी गुरुजींपुढे टाकलं. गुरुजी ठाण्याचे, टोपी इस्त्रीची, पण माणूस कामाचा. त्यांनी पत्रक वाचलं आणि भलतंच विचारलं.

"भागीरथीबाई, बाजारात शिळी मासळी कशी खपवता?"

बाया फिदीफिदी हसल्या. भागीरथी कसली लाजतेय.

"पानी मारायचं, ताजी चार वर ठेवायची, नि सगल्यांपेक्षा मोठ्यानं वरडायचं."

"आणि घेणारीने फसू नये म्हणून?"

"कल्ले उघडून बगावं."

"मग याचेही उघडा."

वर्ग पत्रकावर तुटून पडला. गंगुबाई म्हणाली, "ह्या बांधावर माड हायेत. आपल्याकडं नुस्ती तिवरं." कमळाबाईने बोट ठेवून ठेवून वाचलं. "बांधून दिला म्हंतो. कवा, ते नाय लिवलं."

"नि गावाचं नाव गिळलंय," भागीरथी म्हणाली. तिला मनस्वी राग आला होता. या कागदाला तिने दोन दिवस हळदकुंकू वाहिलं होतं.

गुरुजी खूश झाले आणि तिथेच चुकले. त्यांनी खिशातून दुसरं पत्रक काढलं, दुसऱ्या उमेदवाराचं. "आता हे बघा. हा आपला माणूस. हा बांध नक्की बांधणार."

भागीरथीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तेच माड, तेच दगड. दोघांनी एकच फोटो छापला होता.

"गुरुजी, शेलीबी तीच हाय."

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोपऱ्यातली शेळी काही बदलली नाही. बिचाऱ्यांचे कान लाल झाले.

"मंग बांधनार कोन?" गंगुबाईने विचारलं.

"हितं बसल्यात त्या," भागीरथी म्हणाली. "नि गुरुजी."

दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग चिखलात उतरला. इस्त्रीच्या टोपीवर घमेलं आलं. चौथ्या दिवशी खांड हातभर उरली असताना जीप थांबली, आणि पहिल्या पत्रकातले साहेब कॅमेरावाल्याला घेऊन उतरले.

"बायांनो, जरा हसा. साहेब मधे उभे राहतील," कॅमेरावाला म्हणाला.

भागीरथीने भरलेलं घमेलं साहेबांच्या हातात दिलं. "फोटू काडा की. पन आदी खांड बुजू द्या."

एवढ्या मतदारणींसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी एकोणीस घमेली टाकली. विसाव्याला उजेड गेला, फोटो राहिला.

अमावास्येला पाणी बांधाला टेकलं, थोडा वेळ थांबलं आणि मागे फिरलं. घरी सासू देव्हारा पुसत होती.

"तुजा देव कुटं गेला गं?"

"खांडीत घातला. वर दोन घमेली माती."