डायरीतले पाच दिवस

“एमिलराव, आधी तुमचा रेडिओ बारीक करा, कानात शिट्टी वाजतेय,” गॉर्डी फोनवर म्हणाला आणि नेहमीसारखा हसला. “मंडळी, आजचा शेवटचा फोन दुसऱ्या कुणाचा असणार?”

एमिल नोवोत्नीनं रेडिओ बारीक केला. अमेरिकेतल्या ईरी गावाच्या पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि गेली अठरा वर्षं सोमवार ते शुक्रवार रोज दुपारी चारला तो गॉर्डीच्या ‘खेळगप्पा’ या रेडिओ कार्यक्रमात फोन करत आला. शाळांच्या फुटबॉलपासून आइस हॉकीपर्यंत गावातला एकही सामना गॉर्डीनं सोडला नव्हता. आज तो कार्यक्रम कायमचा बंद होत होता; सोमवारपासून त्याच वेळेला न्यूयॉर्कहून देशभर जाणारा कार्यक्रम लागणार होता. गॉर्डीचे श्रोते घटले, असं आकडे सांगत होते.

त्या आकड्यांत आपला हात किती, हे एमिलला पक्कं ठाऊक होतं.

पानगळीच्या दिवसांत त्याच्याकडे रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या कंपनीची डायरी टपालानं आली होती. ती गावातल्या मोजक्याच घरांना येते. आठवडाभर रेडिओवर काय ऐकलं ते लिहायचं, आणि त्यावरून सगळ्या गावाचा अंदाज बांधतात. नेमकं त्याच आठवड्यात गॉर्डी सगळ्यांदेखत म्हणाला, “एमिलराव, हेच भाकीत तुम्ही गेल्या वर्षी केलंत, आणि तेव्हाही तोंडावर पडलात!” एमिल फुरंगटला. ऐकलं त्यानं गॉर्डीलाच, एक मिनिट न चुकवता. पण डायरीत पाचही दिवस, तेव्हा दुसऱ्या स्टेशनवर लागणाऱ्या त्या न्यूयॉर्कवाल्याचं नाव लिहिलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय! बायको, डॉरिस, म्हणालीसुद्धा, “अरे, धडधडीत खोटं आहे हे. फाडून टाक.” पण हा हट्टानं स्वतः जाऊन ती टपालपेटीत टाकून आला.

“बोला की! आज दातखीळ बसली का?” फोनवर गॉर्डीनं विचारलं.

“गॉर्डी, ती डायरी माझ्याकडे आली होती.” एमिल म्हणाला. “मी तुझं नाव नाही लिहिलं. रागाच्या भरात. ऐकत तुलाच होतो. माझ्यामुळे झालं बाबा हे.”

पलीकडे गॉर्डी खो खो हसला. “ऐकलंत, मंडळी? कार्यक्रम बंद करणाऱ्या आमच्या साहेबांना कुणी शिव्या देऊ नयेत, म्हणून हा म्हातारा आळ स्वतःवर घेतोय! तुम्ही आणि मला दगा द्याल, एमिलराव?”

“अरे, देवाशपथ खरं सांगतोय—”

“पुरे! रडवाल मला.” फोन बंद झाला.

एमिलनं रिसीव्हर ठेवला, आणि थोड्याच वेळात दार वाजलं. समोरच्या घरातली मिसेस गॅलो सफरचंदाचा गरम केक घेऊन उभी होती. तिचे डोळे ओले होते.

“आत्ताच ऐकलं. किती मोठं रे मन तुझं, एमिल!”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो डॉरिसकडे वळला. ती तरी खरं काय ते सांगेल, असं त्याला वाटलं.

डॉरिसनं मान खाली घातली, मिसेस गॅलोच्या हातातून केक घेतला आणि ती तो कापायला सुरी आणायला आत गेली.