एका वेळचं मोजमाप

खेमराजांच्या तेरवीला अजून तीन दिवस होते. ओसरीत येणाऱ्या प्रत्येक बाईचा प्रश्न ठरलेला: "शेवटी पोरगी होती का जवळ?" कुंदाबाई प्रत्येकीला सांगत, "नाही. तिले काम होतं." आवाज चढत नसे, भरूनही येत नसे. चहाचे कप घेऊन ती पोरगी, मंजू, तिथेच उभी असे.

काम होतं, हे खरं. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती काचेवर, पाण्याखाली, पेशीच्या आवरणासारखा थर पसरवत असे. चरबीच्या रेणूंचा, दुपदरी, कोणत्याही डोळ्याला न दिसणारा. काचेवर तितकेच बारीक बांध कोरलेले होते. थर त्या बांधांवरून अखंड जातो की कडेला फाटतो, एवढंच तिला शोधायचं होतं. रेणूंना चमकणारा रंग लावायचा, लेसरने एक ठिपका विझवून काळा करायचा आणि बघत बसायचं. थर अखंड असेल तर शेजारचे रेणू सरकत येतात, ठिपका उजळतो. फाटला असेल तर काळा तो काळाच.

वडिलांना हे चटकन कळलं होतं. गावच्या तलावाचं पाणी बांधाबांधांतून वाटण्यात खेमराजांचा जन्म गेला होता.

"अन् काचेवरचं पानी आटलं त?"

"हवा लागली की थर गेला, बाबा."

"मंग शिकून सवरून तू बी पानीच राखून राहिली म्हन की!"

दोन वर्षं ठिपका काळाच राहिला. मग त्या गुरुवारी सकाळी दहाला धाकट्या शुभमचा फोन आला. "दिदी, बाबाले गोंदियाले दवाखान्यात आणलं. तू निघ." अकराची गाडी धरली असती तर एक-दीडला ती पोचली असती. पण सूक्ष्मदर्शकाची पाळी महिन्यातून एकदा यायची आणि ती त्याच दिवशी दोनला होती. बाबांना याआधीही दोनदा दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही वेळा ते चालत घरी आले होते. मंजूने काच धुवायला घेतली.

ठिपका भरून आला. दीड मिनिटात, कडेपासून आत, पुरता. बंद खोलीत ती एकटीच हसली. फाईलवर वेळ होती दोन बावन्न. दवाखान्याच्या कागदावर मृत्यूची वेळ, दोन पन्नास.

ठिपका उजळल्याचा तो आलेख तिने काल मार्गदर्शक सरांना पाठवला होता. निदान तो छापून यावा. त्या दुपारचं काहीतरी कुठेतरी टिकावं. आज उत्तर आलं. सरांनी आधी दुःख व्यक्त केलं होतं, मग लिहिलं होतं: "आलेख अप्रतिम. नव्या काचांवर अजून दोनदा असाच आला की छापायला पाठवू. सोळा तारखेची पाळी तुझ्या नावावर ठेवली आहे."

एका वेळचं मोजमाप कोणी धरत नाही. नव्या मुलांना हे मंजूच शिकवायची. त्या गुरुवारी सकाळी दहालाही तिला ते ठाऊक होतं.

आत कुंदाबाई तेरवीचे तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं का तुवं काम?"

"झालं."

"बरं झालं. कोनाचं त झालं." सूप दोनदा हललं. "मंग आता राहशील महिनाभर."

"सोळाले जावं लागते, आई."

सूप थांबलं. "काऊन? झालं ना?"

"अजून दोनदा तसंच यावं लागते," मंजू म्हणाली. कुंदाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"खोटं मी बी बोलली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात त्याइनं विचारलं, मंजू निघाली का. म्हटलं, निघाली, गाडीत आहे. घंटाभरानं पुन्हा विचारलं. म्हटलं, तुमसर गेलं, आता पोचतेच." त्यांनी सूप उचललं. "मंग नाही विचारलं."