जाण्यापुरती टाकी

धाकट्याने मागची सीट उपटून काढली आणि भंगाराच्या पिंपात टाकली.

आईने फोनवर विचारलं, "जेवला का तो?" आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.

एक फोटो. आटलेल्या तळ्याचा भेगाळलेला तळ, त्यावर शेजारीशेजारी ठेवलेली दोन हेल्मेटं. माणसं फोटोत नाहीत.

डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांची धाकट्याने नीट, हसतमुखाने उत्तरं दिली.

"मोठी टाकी म्हणजे गाभण म्हैस," रंगारी म्हणाला. "छोटीच लाव. गाडीची कंबर दिसली पाहिजे."

ताईने पत्रा वाळूच्या पिशवीवर टेकवला आणि लाकडी हातोडीचा पहिला घाव घातला. पत्रा खोलगट झाला. दुसरा घाव घालायला उचललेला हात तिने तसाच खाली आणला.

"वीस लिटरची करू," ती म्हणाली.

धाकटा, तिचा भाऊ, उकिडवा बसून चासी घासत होता. दुकान दोघांचं. इंजिन आणि चासी त्याच्याकडे, पत्र्याचं सगळं तिच्याकडे. लोक जुन्या मोटारसायकली आणून देत आणि ही दोघं त्यांच्या क्रूझर करून देत; लांब, बुटक्या, पाय पुढे पसरून चालवायच्या. ही गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. धाकट्याची स्वतःची होती.

"वीस?" तो हसला. "टँकर चालवायचाय का मला?"

"लांबच्या रस्त्याला बरी."

"गुडघे फाकतात. भरली की वजन सगळं वर, वळणावर गाडी लोळायला बघते. हँडल वळवलं की टाकीला थटतं. आणि इंजिन झाकून जातं ते वेगळंच. एवढं घासलंय मी, कोणाला दाखवू?"

सगळं खरं होतं. मोठ्या टाकीचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकांना तिने स्वतः हेच ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आता तिच्याकडे उलट बोलायला एकच मुद्दा होता, आणि तो टाकीचा नव्हता.

"पण जाणार कुठे आहेस?"

"तळ्यापर्यंत."

तळ्याकडे जाणारा रस्ता तिला माहीत होता. गावं संपली की एक पेट्रोल पंप. त्याच्यापुढे नुसतं पठार. घर नाही, झाड नाही, फोनला रेंज नाही. रस्ता जातो जातो आणि आटलेल्या तळ्याच्या काठाशी संपतो. त्याला पलीकडे जायचंच नसतं. धाकटा आणि त्याची बायको दर हिवाळ्यात तिथे जायची, जुन्या गाडीवर, भल्यामोठ्या टाकीच्या. गेल्या हिवाळ्यात ती तापाने दवाखान्यात गेली आणि कोणाला नीट काही कळायच्या आत संपली.

त्याने काढलेलं टाकीचं चित्र भिंतीला चिकटवलेलं होतं. ताईने तिकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत चित्र बघून टाकीत किती मावेल ते तिला मोजावं लागत नव्हतं, आणि ते इंजिन किती पितं तेही ठाऊक होतं. ही टाकी काठोकाठ भरली, तर पंपापासून तळ्यापर्यंत पुरेल. बरोबर तळ्यापर्यंत.

"आणि येताना?"

तो घासत राहिला. मग थांबला, चासीवरची धूळ फुंकरीने उडवली, अंगठा फिरवून पाहिला.

"येतानाचं बघू," तो म्हणाला.

*

मी मागे बसून येते. "बसशील कुठे? सीट काढली ना."

बरोबर कॅन बांध. "क्रूझरला कॅन? त्यापेक्षा दुधाचा धंदा काढतो."

पुढच्या महिन्यात जा. "का, मुहूर्त आहे?"

परत येणार आहेस ना?

"वेडी आहेस का गं ताई."

आणि त्याने तिच्या हातात चहा दिला. साखर बरोबर तिला लागते तेवढी.

*

तो शांत झाला होता, हेच तिच्या जिवाला खात होतं. बायको गेल्यावर कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे बघत बसायचा. मग एके दिवशी उठला, दाढी केली आणि म्हणाला, गाडी बांधतो. तेव्हापासून जेवायला लागला. शीळ घालायला लागला. कोणाचं काय राहिलंय ते देऊन टाकायला लागला: शेजाऱ्याचा जॅक, रंगाऱ्याची शिडी, आत्याचं इस्त्रीचं टेबल.

आई म्हणाली, "गाडीने माणसात आणलं गं त्याला."

आईला काय सांगणार? तो हसतो म्हणून मला झोप लागत नाही?

ताईने पत्रा बिघडवला. मुद्दाम, एकाच जागी ठोकून ठोकून इतका पातळ केला की फाटला. दुसरा आणायला वेळ लावला. तोही बिघडवला. तेव्हा धाकटा टेबलाशी येऊन उभा राहिला. फाटलेली कड त्याने बोटाने हलकेच दाबली.

"तुला नको असेल तर राहू दे. बाजारात तयार मिळते. रंगासकट."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिने त्याच्याशी भांडण काढलं असतं, आईला बोलावलं असतं, चार माणसं गोळा केली असती.

"मीच करणार," ती म्हणाली. "बाजारातली लावलीस तर याद राख."

*

क्रूझरची टाकी बाहेरून एक दिसते. आतून ती एक नसते. चासीची जाड नळी तिच्या पोटाखालून जाते, म्हणून टाकीला खालून लांब खाच ठेवावी लागते. टाकी त्या नळीवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते. खाच उथळ ठेवली तर टाकी वर उचलल्यासारखी, परक्यासारखी दिसते. खोल ठेवली तर छान खाली बसते, गाडीला बिलगते. पण मग आत दोन पोटं तयार होतात, एक डावं, एक उजवं. पेट्रोल खाचेच्या खाली उतरलं की दोन पोटांचा एकमेकांशी संबंध संपतो.

इंजिनला पेट्रोल सोडणारा कॉक एकाच पोटाला असतो. म्हणून दोन्ही पोटांना खालून तोट्या ठेवतात आणि मध्ये रबराची जोडनळी लावतात. ती नळी नसेल तर एका पोटातलं पेट्रोल तिथेच पडून राहतं. गाडी बंद पडते, चालवणाऱ्याला वाटतं टाकी संपली. अशा वेळी एकच उपाय: गाडी कॉकच्या बाजूला आडवी पाडायची. मग पलीकडचं पेट्रोल खाचेवरून अलीकडे येतं.

जोडनळी न लावता या दुकानातून एकही टाकी बाहेर गेली नव्हती.

ताईने खाच खोल घेतली. चित्रात होती त्याहून खोल. टाकी अशी बसली की रंगाऱ्याने कमरेवर हात ठेवून नुसतं बघितलं. उजवीकडे एअर फिल्टरसाठी पत्रा आत दाबावा लागतोच, तो तिने जरा जास्त दाबला. त्यामुळे उजवं पोट लहान झालं, डावं मोठं. आणि कॉक तिने उजवीकडे घेतला.

"कॉक उजवीकडे?" धाकट्याने विचारलं.

"डावीकडे तुझा गुडघा लागतो."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती ब्रशने वेल्डिंगवरची काजळी काढत राहिली.

"बरं," तो म्हणाला.

टाकीचे दोन भाग जोडायच्या आधीच, तो सुटे भाग आणायला गेला असताना, तिने डाव्या तोटीचं भोक आतून पत्र्याची चकती लावून बुजवलं होतं. बाहेरून काही कळायचं कारण नव्हतं. तोटी होती, उद्या तिच्यावर नळी चढणार होती. पाण्याच्या टबात टाकी दाबून धरली तेव्हा कुठूनही बुडबुडा आला नाही, आणि रंगारी म्हणाला, "ताईंचं काम म्हणजे काय, देवाचीसुद्धा टाकी गळेल, ही नाही गळायची."

तिला एवढंच हवं होतं की गाडी तळ्याच्या बरीच अलीकडे बंद पडावी. बंद पडली की माणूस खाली उतरतो. झाकण उघडून आत बघतो. डाव्या पोटात पेट्रोल दिसेल त्याला, तो काय नवखा नाही. मग ती अवजड गाडी त्याला एकट्याने उजव्या कुशीवर निजवावी लागेल, आणि पुन्हा उचलावी लागेल. पाठ टेकवून, टाचा रोवून, घाम गाळून. तेवढ्या वेळात काही होईल. काय, ते तिला माहीत नव्हतं.

उरलेलं पेट्रोल पंपापर्यंत मागे यायला पुरलं असतं.

पुढे तळ्यापर्यंत जायलाही तेवढंच पुरलं असतं. हे तिला कितीही डोकं चालवून टाळता आलं नाही. टाकीला दिशा ठोकता येत नाही.

*

निघायच्या सकाळी त्याने पाने आपापल्या खिळ्यांना अडकवले, टेबल पुसलं आणि दुकानाची किल्ली तिच्यापुढे धरली.

"तुझ्याकडे राहू दे."

तिने ती घेतली, त्याच्या जॅकेटच्या खिशात कोंबली आणि चेन वर ओढली. पार हनुवटीपर्यंत, लहानपणी शाळेत पाठवताना ओढायची तशी.

"अगं, गळा आवळतेस की काय."

"संध्याकाळी दुकान तू उघडायचंस," ती म्हणाली. "मला आईकडे जायचंय."

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, हेल्मेटमुळे कळलं नाही.

*

रंगाऱ्याची व्हॅन पंपावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पंपावरचा माणूस खुर्चीतून उठला.

"एक क्रूझर गेली का इथून?" ताईने विचारलं.

"गेली की. फुल्ल करून गेली. काय टाकी आहे हो, हात फिरवावासा वाटतो. पण मी म्हटलं साहेब, एवढ्याशा टाकीवर तिकडे कुठे? तर म्हणे, पुरते."

"काय म्हणाला?"

"पुरते म्हणाला."

ताई पंपाच्या कठड्यावर बसली. समोर रस्ता पठारावर सरळ जात होता आणि लांबवर उन्हात थरथरत होता. रंगारी तिच्याशेजारी येऊन बसला.

"ताई, आपण इथे करतोय काय? तो संध्याकाळी घरी येईलच ना."

ताईने उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला.

"आणि एवढीशी टाकी घेऊन तो येणार तरी..." रंगाऱ्याचं वाक्य मध्येच थांबलं. त्याने पंपाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला. "मीच म्हणालो होतो, छोटी लाव."

"व्हॅन घेऊन मागे जाऊ," तो उठत म्हणाला. "चला ना, बसलात काय!"

"मागून गाडी येताना दिसली की तो थांबायचा नाही," ती म्हणाली. "आज थांबवला तर उद्या जाईल. बाजारातली टाकी लावून."

"मग?"

"मग काय. बस."

आता बंद पडली असेल, तिने मनात म्हटलं. आता झाकण उघडलं असेल. आता आडवी पाडली असेल. आता उचलत असेल. ती जड आहे, पहिल्यांदा उचलली जायची नाही. आता पुन्हा. आता उभी राहिली असेल. आता स्टार्टर मारला असेल.

त्याच्यापुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. ती पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लागली. रंगारी उभाच होता. पंपावरच्या माणसाने त्यांना न विचारता पाणी आणून दिलं आणि तोही रस्त्याकडे बघत थांबला. रस्त्यावर काही नव्हतं.

टाकी बसवायच्या दिवशी, ताई हात धुवायला आत गेली असताना, धाकट्याने जोडनळीचं एक टोक डाव्या तोटीवर चढवून दुसऱ्या टोकाने फुंकून पाहिलं होतं. हवा आत गेली नव्हती. त्याने पुन्हा एकदा फुंकलं, मग नळी दुसऱ्या तोटीवरही चढवली आणि दोन्ही क्लिपा आवळल्या.