प्रात्यक्षिकासाठी एक माणूस

ऑफिसात लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणाऱ्या माणसाला कोणी सायबर गुन्ह्यांचा तज्ज्ञ म्हणत नाही. त्यासाठी घरात एखादा गुन्हा घडावा लागतो. तज्ज्ञांच्या घरी तो घडला.

त्यांच्या वडिलांना, म्हणजे नानांना, एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस. तुमच्या नावाने गुन्हा दाखल झालाय, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. नाना दीड दिवस खुर्चीत बसून होते. मध्येच तो माणूस 'उठा' म्हणायचा आणि नाना उठले की 'कुणाच्या परवानगीने उठलात?' म्हणून झापायचा. शेवटी आयुष्यभराची शिल्लक त्याच्या खात्यात गेली. खऱ्या पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि यापुढे काळजी घ्या म्हणून सांगितलं.

"हे कुणाला बोलू नकोस," नाना मुलाला म्हणाले. ते ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार होते. काटेकोर माणूस म्हणून लोकांनी त्यांना बिनविरोध निवडलं होतं.

तज्ज्ञांनी शब्द पाळला, म्हणजे नाव कुठेच घेतलं नाही. एका शाळेच्या पालकसभेत त्यांनी 'दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थांची' हकीकत सांगितली. 'साहेब, पाणी प्यायला उठू का?' या वाक्याला हसून हसून पालकांची मुरकुंडी वळली, आणि तज्ज्ञांना आपल्यातल्या वक्त्याचा शोध लागला. मग व्हिजिटिंग कार्ड आलं, जाकीट आलं, कॉलरचा माइक आला. तारखा बायको सांभाळू लागली. पासवर्डचा भाग आला की लोक जांभया देतात, हेही तिच्याच लक्षात आलं.

"ते आवरतं घ्या. लोक त्या म्हातारबाबांसाठी येतात," ती म्हणाली. प्रात्यक्षिक तिनेच सुचवलं. श्रोत्यांतल्या एकाला खुर्चीत बसवायचं आणि आपण अधिकारी व्हायचं. तज्ज्ञांनी त्यासाठी एक घोगरा, थंड आवाज कमावला.

आणि मग ज्येष्ठ नागरिक संघाचंच बोलावणं आलं.

"जमणार नाही म्हणून कळवतो," तज्ज्ञ म्हणाले.

"आणि कारण काय सांगणार?" बायकोने विचारलं. "बापाच्या संघासाठी वेळ नाही?"

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ये तू. फक्त ती गोष्ट नको."

"नाही सांगत, नाना."

कार्यक्रमात तज्ज्ञ फक्त पासवर्डवर बोलले, आणि मन लावून बोलले. तिसऱ्या रांगेत कोणीतरी घोरू लागलं. तेव्हा अध्यक्ष उठले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि माइक दिसला की त्यांना राहवत नसे.

"अहो, ते खुर्चीचं प्रात्यक्षिक कुठंय? माझ्या सुनेच्या ऑफिसात केलंत म्हणे. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय? आणि माणूस शोधायला नको. आपले खजिनदार आहेत. बापलेकाची जोडी. चला नाना, उठा."

नानांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, असं तज्ज्ञांनी सांगून पाहिलं. लगेच दोघांनी दोन दंडांना धरून नानांना वर आणलं. नाही म्हणायचं तर का नाही, हेही सांगावं लागलं असतं. नाना खुर्चीत बसले. समोर स्टँडवर मोबाईल होता.

"उरक लवकर," ते हळूच म्हणाले.

तज्ज्ञांनी तो आवाज लावला. "तुमच्या नावाने गुन्हा दाखल आहे." हात गुडघ्यांवर ठेवा, असं पुढचं वाक्य होतं. ते बोलायच्या आतच हात गुडघ्यांवर गेले होते. मान ताठ, नजर मोबाईलवर.

"काय अभिनय करतोय बघ," पहिल्या रांगेतून कोणी म्हणालं.

तज्ज्ञांनी तिथेच आवरतं घेतलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झालं. उठा नाना."

नाना उठले नाहीत. सभागृहात हशा पिकला.

"नाना, संपलं. मी आहे."

"तेही म्हणायचे उठा," नाना पुटपुटले. हे फक्त मुलाला ऐकू गेलं.

तज्ज्ञांनी मोबाईल काढून खिशात घातला. नाना रिकाम्या स्टँडकडे बघत राहिले. तज्ज्ञांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी घेतला नाही. खांद्याला हात लावला, तर खांदा लाकडासारखा. लोक आता डोळे पुसत हसत होते. दाराशी उभी राहून बायको खुणा करत होती, फार ताणू नका.

शेवटी तज्ज्ञांनी कॉलरचा माइक नीट केला आणि पुन्हा तो घोगरा, थंड आवाज काढला.

"चौकशी पूर्ण झाली. तुम्हाला उठायची परवानगी आहे."

नानांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, सावकाश उभे राहिले आणि शर्ट सारखा केला.

"आभारी आहे, साहेब," ते म्हणाले.

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या महिन्यात महिला मंडळासाठी हाच प्रयोग, याच जोडीचा. तज्ज्ञ नाही म्हणायला पुढे सरसावले, आणि थांबले. नाना पायऱ्यांच्या तोंडाशी मुलाकडे बघत उभे होते. उतरा, असं त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.