दुसरा भाग ऐकतो

पहिल्या भागात अंधार तुमचा असायचा. भिंतीला पाठ लावली, दिवा फुंकला, की राजवाड्यातला शहाण्यात शहाणा पहारेकरीही तुमच्या नाकासमोरून जायचा आणि म्हणायचा, ‘मांजर असेल.’ दुसऱ्या भागात तसलं काही चालत नाही. दुसरा भाग ऐकतो. खेळणाऱ्याच्या हातातल्या यंत्राला बारीकसा कान आहे, आणि खोलीत कुणी शिंकलं तरी पडद्यावरचा पहारेकरी मान वळवतो. आता मला सांगा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या तांगा गावात, जिथे समोरून येणाऱ्याची, त्याच्या घरच्यांची आणि त्याच्या कोंबड्यांची खुशाली विचारल्याशिवाय कुणी पाऊल पुढे टाकत नाही, तिथे हा खेळ खेळायचा कसा?

सोळाव्या रस्त्यावर माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी खेळघर चालवते. दोन पडदे, थोड्या खुर्च्या, दारावर पडद्यासारखा टांगलेला माझा जुना कांगा, आम्ही बायका अंगाभोवती गुंडाळतो ते छापील कापड. दुपारी बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत निळसर काळोख असतो. समुद्रावरून वारा आला की कांगा फुगतो, उन्हाची एक पट्टी जमिनीवरून सरपटत भिंतीपर्यंत जाते आणि परत येते. ती बघत बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हे मलासुद्धा कळेनासं होतं. लोक तिथे खेळायला येतात असं म्हणायचं. खरं तर भांडायला येतात.

खेळाचं नाव ‘सावलीचोर’. चोर राजवाड्यात शिरतो, सगळ्यात आतल्या खोलीतला आरसा उचलतो आणि कुणाच्या नजरेस न पडता बाहेर येतो. गोष्ट एवढीच. पण पहिला भाग चांगला की दुसरा, यावर समोरचा शिंपी कोंबो आणि बजाजी, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवणारा किहियो यांनी माझं डोकं पार पिकवलं होतं.

“पहिला म्हणजे आतून घातलेली शिवण,” कोंबो म्हणायचा. गळ्यात मापाची फीत तशीच. “टाका दिसत नाही, म्हणून कपडा देखणा. दुसऱ्यात सगळे टाके बाहेर.”

“तुझेही बाहेरच असतात. माझ्या पँटला विचार.”

“पँटला काय विचारू? तुझ्या पोटाला विचारतो ना!”

“बरं, माझं पोट राहू दे. पहिल्यातले पहारेकरी म्हणजे निव्वळ शेळ्या, हे तरी कबूल करशील? सोबतचा माणूस विहिरीत पडला तरी हे आपले शीळ घालत फिरतात. दुसऱ्यातला एक जण बघ. सोबती परत आला नाही तर त्याचा जेवणाचा डबा उघडतो, झाकतो आणि शेजारी बसून राहतो. मला नाही मारवलं त्याला. बायकोशी वाजलं होतं त्या दिवशी मी त्याच्या बाजूलाच लपून बसलो, किती तरी वेळ.”

“लपायला गेला होतास की सोबतीला?”

“दोन्ही,” किहियो म्हणाला, आणि हसला नाही.

कोंबोचा खरा राग त्या कानावर होता. “ज्यांनी हा बनवला ना, त्यांच्याकडे माणसं एकेकटी राहतात. दार लावून. शेजारी मेला तर वासावरून कळतं. इथे कसं जमायचं? परवा हाच किहियो राजवाड्याच्या फाटकाशी पोचला, खिडकीतून म्हातारे शरीफू दिसले, आणि याने बसल्या जागेवरून जोरात सलाम ठोकला. झाडून सगळे पहारेकरी अंगावर!”

“मग काय म्हाताऱ्या माणसाला सलाम नको करू? माझ्या आईने असं वाढवलंय होय मला?”

“तेच म्हणतोय मी. हा खेळ बिनआयांच्या लोकांसाठी आहे.”

आई हा शब्द निघाला की मी मागच्या खोलीकडे बघायची. तिकडे नासोरो असायचा.

नासोरो मस्कतला गेला तेव्हा त्याच्या आईने सगळ्या गल्लीला पिलाव खाऊ घातला होता. तिथे सांगितलेलं काम नव्हतंच. जे होतं ते करता करता पोराची हाडं दिसायला लागली, आणि एका पहाटे तो रिकाम्या हाताने माझ्या मागच्या दारी उभा राहिला. मला म्हणाला, “आईला सांगू नका, बी झमदा. जरा काही हातात येऊ दे, मग जातो.” आईचं घर दोन गल्ल्यांवर. मी रोज त्याला फैलावर घ्यायची, आणि रोज त्याच्यापुढे ताट ठेवायची. तो यंत्रं दुरुस्त करायचा, फरशी पुसायचा आणि खेळायचा. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. तिला तेवढं ठाऊक नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या पोराच्या नावानेच हाक मारतात. त्यामुळे दिवसभर रस्त्यावरून कुणी ना कुणी ओरडायचं, “ए नासोरोच्या आई, दोन वितुंबुआ दे गं!” आणि कांग्याआड हा दचकायचा. ती डोक्यावर टोपली घेऊन वितुंबुआ, म्हणजे नारळाच्या दुधातले तांदळाचे गरम गरम गोड वडे, विकायची. रोज दुपारी माझ्या दाराशी थांबून “होदी!” म्हणायची, म्हणजे येऊ का आत. मी “करीबू!”, ये, म्हटलं की आत यायची. तेवढ्यात नासोरो मागे सटकलेला असायचा. ती बसायची, घाम पुसायची, पोरांना खिलवायची. मागच्या खोलीच्या दारावरच्या पडद्याकडे तिने कधी चुकूनही पाहिलं नाही.

शुक्रवारी तो मागच्या खोलीतून तिला फोन करायचा. मस्कतहून! मी चुलीशी उभी राहून ऐकायची आणि माझ्या चपात्या करपायच्या. “इथे पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे आई, थेट समुद्रात उतरते. संध्याकाळी तांब्याचे दिवे लावतात. मी राहतो त्या गच्चीवर पारवे झोपतात, पहाटे सगळे एकदम उठतात.” मी कपाळाला हात लावायची. ते सगळं दुसऱ्या भागातलं शहर होतं. दिव्यांसकट, पारव्यांसकट.

वादात तो एकदाच बोलला. कोंबोने खोदून विचारलं, “तुझं काय मत? तू दोन्ही संपवत आणलेत.” नासोरोने पडद्यावरच्या त्या गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, “पहिल्यात नुसतं लपता येतं. दुसऱ्यात राहता येतं.” मला रडू आलं आणि त्याचाच राग आला, म्हणून मी दोघांना खुर्च्या नीट लावायला सांगितल्या.

शेवटी कोंबोने आव्हान दिलं. “दुसऱ्यातला राजवाडा या गावात कुणी पार करून दाखवावा, मी पहिल्याचं नाव काढणार नाही. तांग्याच्या माणसाला एवढा वेळ तोंड मिटून बसता येणं शक्यच नाही.” किहियोने लगेच नासोरोला पुढे केलं. लपण्यात त्याचा हात कोण धरणार?

दुपार ठरली, नासोरोची आई यायच्या आत आटपायचं म्हणून. मी पंखा बंद केला, शेजारणींना बजावलं, दारावरचा कांगा खाली ओढून घेतला. नासोरो पडद्यासमोर बसला. कोंबो, किहियो आणि मी त्याच्या मागे.

खोली पाण्यात बुडाल्यासारखी झाली. पडद्यावर चंद्र होता. चोर पायऱ्या चढत होता, आणि चोराची सावली त्याच्या आधी एकेक पायरी चढत होती. बाहेर सायकलींची चाकं सरसरत जात होती, ती मला त्या शहरातल्या समुद्रासारखी वाटायला लागली. घाम मानेवरून उतरत होता आणि कुणी पुसत नव्हतं. फाटक गेलं. बाग गेली. डबेवाला पहारेकरी बसला होता, त्याच्या मागून चोर इतका अलगद गेला की किहियोने डोळे मिटून घेतले. शेवटच्या दालनाचा उंबरठा आला. आत आरसा लकाकत होता. वेळेचं भान आम्हा कुणालाच उरलं नव्हतं.

“होदी!”

तिचा आवाज. पडद्यावर एका पहारेकऱ्याने मान वळवली. नासोरोने चोराला खांबाआड ओढलं आणि तो स्वतःही खुर्चीत आकसला. उठावं तर खुर्ची करकरणार. मी उठून बाहेर जावं तर कांगा सारावा लागणार, आणि नासोरो तर समोरच बसलेला. कोंबोने फितीचं टोक दातांत धरलं. मी जन्मात कुणाची होदी बिनउत्तराची ठेवलेली नाही. माझी जीभ तोंडात तडफडत होती.

“होदी, झमदा?”

पहारेकऱ्याने कंदील उचलला. आमची रीत साधी आहे. तीनदा विचारायचं. उत्तर आलं नाही तर मुकाट परत फिरायचं, मनात राग धरायचा नाही. घरात माणसं असली तरी त्यांची काही अडचण असेल, असं समजायचं. बादशहाची आई असली तरी तिने तसंच फिरायचं.

“होदी,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. या वेळी हळू.

उन्हाची पट्टी भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. टोपलीचा वेत करकरला. ती वळली होती. चप्पल एकदा वाजली, परत एकदा वाजली. एवढे महिने तो मागच्या पडद्याआडून तिची होदी ऐकत आला होता, पण तिला उत्तर मिळालेलंही रोज ऐकत आला होता. आपली आई एका दारातून परत जाते आहे, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“करीबू, आई,” तो म्हणाला.

पडद्यावर सगळ्या माना वळल्या, सगळे कंदील उचलले गेले, घंटा वाजायला लागल्या. तिकडे कुणीही पाहिलं नाही.

ती कांगा सारून आत आली. टोपली खाली ठेवली. डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत तशीच उभी राहिली. तो उठला, तिचा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि सोडेचना.

“वाळलास,” ती म्हणाली.

“आई, मी मस्कतला…”

“माहितेय. पहिल्याच शुक्रवारी कळलं. तू तिकडचं ऊन सांगत होतास आणि मागे आपल्या मशिदीत बांग देणारा मुएज्जिन खोकला. तोच खोकला माझ्या खिडकीतूनही आला. मी म्हटलं, असेल, मस्कतलाही असाच खोकणारा असेल. पुढच्या शुक्रवारी परत खोकला मेला.”

किहियो फस्सकन हसला आणि लगेच रडायला लागला. माझा मात्र भडका उडाला. “अगं, मग बोलली का नाहीस? इथे माझ्या जिवाला घोर! तुझ्याशी खोटं वागता वागता माझं रक्त आटलं!”

“रोज येत होते की. रोज विचारत होते.” ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. “करीबू तू म्हणायचीस झमदा. यानं म्हणायला हवं होतं.”

मी उठून पंखा लावला.

मग तिची नजर पडद्यावर गेली. पकडलेला चोर गुडघ्यांवर बसला होता, मागे ती वाट खाली समुद्रात उतरत होती. “हीच का ती पायऱ्यांची?” नासोरोने मान खाली घातली. “सुंदर आहे,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी वाट बघायचे मी.” आणि तिने टोपली उचलायला हात घातला.

त्याने ती आपल्याकडे घेतली आणि मागच्या दाराकडे वळला.

“तिकडून कुठे?”

“गल्लीतून जाऊ या, आई. पुढे लोक…”

“माझी गिऱ्हाइकं पुढच्या रस्त्याला आहेत.”

दोघं पुढच्या दाराने उन्हात उतरली. आम्ही ओट्यावर येऊन उभे राहिलो. कोंबो पुटपुटला, “म्हणजे राजवाडा राहिलाच. पहिला जिंकला.” किहियो त्याच्यावर खेकसला, “डोळे फुटले काय तुझे? दुसरा नसता तर हे झालं असतं का?” मी दोघांना गप्प केलं.

कोपऱ्यावर कॉफीवाला अथुमानी बसतो. इतके महिने रोज सकाळी त्याने माझ्या मागच्या खिडकीतून नासोरोला कॉफी दिली होती, परवा तर साखरेवरून हुज्जतही घातली होती. तो किटली ठेवून उठला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, “अरे नासोरो! कधी आलास रे?”

सायकली थांबल्या. पलीकडून पानवाली आली, शरीफू काठी टेकत आले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे तेच विचारत होते, कधी आलास, कधी आलास.

“आजच,” त्याची आई प्रत्येकाला सांगत होती. “आत्ता येतोय बघा.”