जेजुरीच्या पायरीवरचं खोटं

हळदीच्या दिवशीही सोपाननं अंगातली बंडी काढली नव्हती. पोराला गारठा सोसत नाही, असं त्याची आई ठमाबाई हसत हसत सांगत होती आणि बायकांनी बंडीवरूनच हळद फासली. भर वैशाखात कसला गारठा, असं कुणी विचारलं नाही. मुलाकडची माणसं, त्यात पाटाच्या पाण्याखालची जमीन. अशा घरच्या नवऱ्याला कुणी काही विचारत नाही. विचारणा सगळी नवरीची. चालून दाखव, केस सोडून दाखव, हात पुढं कर. रतनला बघायला तिच्या माहेरी कऱ्हाटीला आली तेव्हा ठमाबाईनं तिला दातापासून टाचेपर्यंत तपासलं होतं. बाजारात बैल तपासतात तसं.

हे सगळं रतनला सणसरला नांदायला आल्यावर आठवलं. सोपान वांग्यांना पाणी देत होता आणि ती भाकरी घेऊन बांधावर आली होती. तो डावी कूस तिच्याकडं करून भिजलेली बंडी पिळत होता. डाव्या छातीखालून निघालेला एक वण काखेखालून वळून थेट पाठीवरच्या फऱ्यापर्यंत गेला होता. वणाच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके होते, गोधडीला असतात तसे.

"कुणी मारलं?" तिनं विचारलं.

"डॉक्टरनं," तो म्हणाला. मग बांधावर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं. इतके दिवस कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखं.

लहानपणी त्याचा घसा धरला, मग ताप आला, गुडघे आणि कोपरं सुजली. घसा तर सगळ्याच पोरांचा धरतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. ताप उतरला, सूज गेली, घरचे विसरले. पण त्या तापानं काळजातली एक झडप खराब करून ठेवली होती. पुढं मिसरूड फुटायच्या वयात चार पावलं पळालं की दम लागायला लागला, थुंकीतून रक्त पडायला लागलं. शेवटी गेल्या दिवाळीत मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं बरगड्या फाकवल्या, काळजात बोट घातलं आणि चिकटलेली झडप बोटानंच मोकळी केली.

ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला, असं घरच्यांना वाटलं. तसं नसतं. ऑपरेशननंतर तिथंच सोपानच्या काळजाचा ठेका सुटला. पाय सुजले, छातीत पाणी धरलं. शेजारच्या खाटेवर एक गिरणी कामगार होता. त्याचंही ऑपरेशन तेच, आणि ठेकाही सुटलेलाच. तो उठून बसत होता, थट्टामस्करी करत होता. एका सकाळी चहाची बशी त्याच्या हातातून पडली, तोंड वाकडं झालं आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. ठेका चुकला की काळजाच्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली तर असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोपानचा ठेका गोळ्यांनी ताब्यात आला होता, पण पुरता बसला नव्हता. म्हणून गोळी चुकवायची नाही. मीठ कमी. तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून बारामतीच्या दत्तोपंत डॉक्टरांकडं महिन्याला इंजेक्शन. आणि वर्षभर तरी वजन उचलायचं नाही, भरली घागरसुद्धा नाही.

"लग्नाआधी का न्हाय सांगितलं?"

"आई म्हणाली, सांगितलं तर पोरगी कोण देणार?"

"आन तुमी काय म्हणला?"

सोपाननं पिळलेली बंडी पुन्हा पिळली. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. पण भित्र्या माणसाच्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचं जे व्हायचं ते होतंच. रतनला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याऐवजी तिनं त्याच्या छातीवर तळहात ठेवला. आत काळीज लंगड्या जनावरासारखं चाललं होतं. चार पावलं नीट टाकायची, मग एक ठेच, मग घाईनं दोन.

वण बघितल्याचं तिनं सासूला सांगितलं नाही. आणि जेजुरीचा दिवस उजाडला.

नव्या जोडप्यानं खंडोबाला जायचं आणि नवऱ्यानं नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढायच्या, हा रिवाज. निदान पाच तरी. एस.टी.त कऱ्हाटीला रतनचा थोरला भाऊ जोतीराम चढला. त्यानं आपल्या बायकोला दुसऱ्या कमानीपर्यंत उचलून नेलं होतं, ते त्यानं जेजुरी येईस्तोवर सगळ्या गाडीला ऐकवलं. रतननं वाटेत सासूच्या कानाशी लागून म्हटलं की आपण नुसतं दर्शन घेऊ, चालतच चढू. ठमाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पायथ्याशी गर्दी होती. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या. स्टँडपासून चालत आल्यानंच सोपानच्या ओठांचा रंग उडाला होता.

"उचला की पाव्हणं," जोतीराम म्हणाला. "आमची रतन हलकी हाय. भाकरी मोजूनच घालत हुतो आमी."

लोक हसले. सोपान आईकडं बघायला लागला. आणि जिनं ह्या पोराला मुंबईच्या दवाखान्यात नळ्या लावून पडलेला बघितला होता, ती ठमाबाई त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "पाच पायऱ्या हायत्या. उचल, न्हायतर त्याला कळंल."

रतननं ते ऐकलं. सोपान खाली वाकला.

"शिवू नगा मला," रतन मागं सरकून म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, भावाला ऐकू जाईल असं. "कावळा शिवलाय."

माणसं आपोआप दोन हात मागं झाली. हा आपला दुसरा रिवाज. पहिल्याला तोडायला तिच्याजवळ तेवढाच होता. जोतीरामची मान खाली गेली. बहिणीनं भर देवाच्या दारात, चारचौघांत असलं बोलावं! कुणीतरी म्हणालं की देवानंच पोरीला पायरी चढू दिली नाही, खोट असणार.  ठमाबाईला मात्र पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. गेल्याच आठवड्यात रतनच्या चौथ्या दिवसाच्या न्हाण्याचं पाणी तिनंच तापवलं होतं. पण ती बोलली नाही. न बोलण्यात तिचा पोरगाही वाचत होता आणि अब्रूही. जायचं ते रतनचं जात होतं.

जोतीराम एकटाच वर जाऊन भंडारा उधळून आला. परत येताना कऱ्हाटीला उतरला तेव्हा त्यानं बहिणीकडं वळूनही बघितलं नाही.

खोटं बोललं की ते निभवावं लागतं. रतन सणसरला गोठ्याच्या कडेला पोतं टाकून बाजूला बसली. आळीत बोलणं सुरू झालं. शेजारची सरुबाई तर रोज दारात येऊन सांगायची, की ठमे, असल्या पायगुणाची सून माहेरी धाडलेली बरी. ठमाबाई लांबून भाकरी सरकवायची आणि आत जायची.

तिसऱ्या दुपारी ती भाकरी घेऊन आली आणि गेलीच नाही. रतनच्या पोत्यावर, तिला खेटून बसली.

"तुला कदी कळलं?"

"वण बगितला तवा. आत्याबाई, पोराला मारायला निघाला हुता तुमी."

"सांगितलं असतं तर दिली असती का तुला?"

"काय ठावं. इचारलं असतं तर सांगितलं असतं. इचारलं कुणी?"

तेवढ्यात सरुबाई आली. दोघींना एका पोत्यावर बघून ती दारातच थबकली. बाजूला बसलेल्या सुनेला खेटून बसलीस, आता आंघोळ कर, असं ती ठमाबाईला म्हणाली.

ठमाबाई जागची हलली नाही. "आंगूळ कशाला? तिला कायबी झालेलं न्हाय. माज्या सोपानच्या काळजाचं ऑपरेशन झालंय. वजन उचललं तर मरंल तो. म्हणून खोटं बोलली ती. जा, सांग सगळ्या आळीला."

सरुबाईनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत सणसरला कळलं आणि दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीला. जोतीराम भांडायला आला. फसवलं, पोरीच्या जन्माचं वाटोळं केलं, असं त्यानं ठमाबाईला अंगणात उभं करून सुनावलं. ते सगळं खरं होतं. ठमाबाईनं ऐकून घेतलं. सोपानही ह्या वेळी आईमागं उभा न राहता पुढं आला आणि म्हणाला की चूक माझी आहे, मला तोंड होतं.

"चल रतन," जोतीराम म्हणाला. "गाठोडं बांध."

रतननं डोक्यावर पदर घेतला, सोपानची गोळ्यांची बाटली पिशवीत टाकली.

"आज बारामतीला जायचंय, ह्यांच्या इंजेक्शनाला," ती म्हणाली. "त्ये चुकवता येत न्हाय. त्ये झाल्यावर काय करायचं त्ये मी ठरवीन. ह्या वक्ताला मीच."