अर्ध्या मात्रेचा थांबा

नृत्यदिग्दर्शिका बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे 'पुन्हाबाई' म्हणत. नाटकातल्या अवघडलेल्या नटांना त्यांनी हात कुठे ठेवायचे ते शिकवलं, सिनेमातल्या ठोकळ्यांना नाचतं केलं, आणि या दोन्हींतून वेळ काढून एकच बॅले बसवला. तो तुफान गाजला. पण कुठेही गेल्या तरी यांचा शब्द एकच. समोरचा रडकुंडीला आला तरी, "पुन्हा!"

बॅलेतला बारा मिनिटांचा मुख्य नाच त्यांच्या लेकीचा. तो त्यांनी लेकीच्या अंगावरच रचला. कागदावर टिपला नाही, कॅमेरा आत येऊ दिला नाही. मग एक दिवस लेकीने नाच सोडला, घरही सोडलं. नऊ वर्षं फोनवर 'बरी आहे'च्या पुढे गाडी गेली नाही. का ते तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. मोठ्या मानी ना!

आता बॅले नव्याने उभा राहायचा होता आणि तो नाच लेकीशिवाय कुणालाच येत नव्हता. "फक्त नाचासाठी बोलावलंय," बाईंनी सगळ्यांना बजावलं. साफ खोटं. आदल्या दिवशी त्यांनी घरातली तिची खोली स्वतः झाडली, उशीला नवा अभ्रा घातला.

बाई तालीमघरात पोचल्या तेव्हा लेक आधीच येऊन खुर्चीत बसली होती. उतरली होती हॉटेलात. म्हणाली, "बसवून झालं की बोलावते, आई. तोवर आत येऊ नकोस." आठवडाभर तिने आता तो नाच करणाऱ्या नव्या मुलीला बसूनच शिकवलं, पायांचं काम हातांनी दाखवत.

सातव्या दिवशी बाईंना आत घेतलं. उडी, गिरकी, आणि मग ती जागा आली. डावा पाय टेकताना अर्ध्या मात्रेचा थांबा. इथे प्रेक्षक श्वास रोखायचे. पहिल्या तालमीत लेकीकडून तो असाच सहज झाला, तेव्हा बाई खुर्चीतून ताडकन उठल्या होत्या. संगीतसुद्धा त्या थांब्याभोवती बदलून घेतलं होतं.

"तसं नाही गं," बाई नव्या मुलीला म्हणाल्या. "पाय जमिनीला भ्यायल्यासारखा आला पाहिजे." मग लेकीकडे वळल्या. "तू सांग ना हिला. तू काय मनात आणायचीस?"

"काही नाही. दुखायचं."

"काय?"

"गुडघा. तुझ्या त्या सिनेमात नायिकेच्या जागी उडी मी मारली होती ना, सिमेंटवर? एकोणीस वेळा. बाराव्या वेळी आत काहीतरी तुटलं. लगेच तुझा बॅले आला. पाय पटकन टेकवताच यायचा नाही."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तू इतकी खूश झालीस! 'हेच ठेव' म्हणालीस. तोवर माझं काही ठेवलं होतंस का कधी? आणि मग म्हणालीस, पुन्हा."

दीडशे प्रयोग झाले होते. प्रत्येक प्रयोगाला विंगेत उभ्या राहून बाई याच जागेची वाट बघायच्या, आणि ती आली की भान विसरून टाळ्या वाजवायच्या.

"काढ तो थांबा," बाई नव्या मुलीवर ओरडल्या. "सरळ टेकव पाय!"

मुलीने टेकवला. संगीत मागे राहिलं आणि नाच बेचव झाला.

"राहू दे, आई," लेक म्हणाली. "त्यात माझं तेवढंच आहे. बाकी सगळं तुझं." खुर्चीची पाठ धरून ती उठली आणि डावा पाय ओढत दाराकडे निघाली. नऊ वर्षांत बाईंनी तिला चालताना पाहिलंच नव्हतं.

"घरी चल ना," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुझी खोली झाडून ठेवलीय."

लेक दारात थांबली. "तीन मजले आहेत, आई. जिन्याचे."

ती गेली. घामाघूम झालेली नवी मुलगी अजून मधोमध उभी होती. तिने भीतभीत विचारलं, "बाई, पुन्हा करू?"

"नको," बाई म्हणाल्या. "बस जरा. पाय दुखत असतील तुझे."